एक खेळाडू, एकच संघ : ड्राफ्ट पद्धतीची फँटसी फुटबॉल लीग कशी चालते

फँटसी फुटबॉल हा खऱ्या सामन्यांवर बेतलेला कागदी संघांचा खेळ आहे. भाग घेणारा प्रत्येक जण, म्हणजे मॅनेजर, एखाद्या खऱ्या स्पर्धेतले खेळाडू निवडून आपला संघ उभा करतो. ते खेळाडू मैदानावर जे करतील त्याचे गुण ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे त्याच्या खात्यात जमा होतात. गोल केला, गोलला पास दिला, गोल होऊ दिला नाही तर गुण मिळतात. पिवळे किंवा लाल कार्ड मिळाले तर कापले जातात. हंगामाच्या शेवटी ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो.

ड्राफ्ट लीगमध्ये यात एका अटीची भर पडते. एका लीगमध्ये एक खेळाडू एकाच मॅनेजरकडे असतो. आर्लिंग हालांड एकाने घेतला की उरलेल्या सगळ्यांसाठी तो संपला. निवडीचा क्रम, बदली खेळाडूंसाठी लागणारी रांग, मॅनेजरांमधली अदलाबदल असे ड्राफ्टचे बाकी सगळे नियम या एका अटीतून निघतात. चांगले खेळाडू थोडे आणि मागणारे अनेक असताना वाटप न्याय्य कसे करायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ड्राफ्ट.

संघ बांधण्याच्या तीन रीती

पहिली रीत ठरलेल्या रकमेची. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा अधिकृत फँटसी खेळ 2002 मध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येकाला 10 कोटी पौंडांची काल्पनिक रक्कम मिळते, प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि त्या रकमेत 15 जणांचा संघ बसवावा लागतो. मुंबईत 2008 मध्ये हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी सुरू केलेल्या ड्रीम 11 मध्येही हीच कल्पना होती : 100 क्रेडिट आणि 11 खेळाडू. या रीतीत एकच खेळाडू लाखो लोकांच्या संघात असू शकतो. त्यामुळे कोट्यवधी लोक एकाच वेळी खेळू शकतात. पण आघाडीचे चार-पाच खेळाडू जवळपास प्रत्येक संघात सारखेच दिसतात.

दुसरी रीत लिलावाची. ती भिवंडीकरांना समजावून सांगावी लागत नाही. ठाणे, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातल्या टेनिस क्रिकेटमध्ये गावोगावच्या लीग खेळाडूंच्या लिलावाने सुरू होतात. प्रत्येक संघमालकाला सारखे पॉइंट मिळतात, ‘आयकॉन’ खेळाडू आधी ठरतात आणि बाकीच्यांवर बोली लागते. एकावर फार उधळले की शेवटच्या जागा स्वस्तात भराव्या लागतात, हा हिशेब तिथले संघमालक पक्का जाणतात. आयपीएल आणि प्रो कबड्डी यांचे लिलाव याच तत्त्वावर चालतात.

तिसरी रीत पाळीची, म्हणजेच ड्राफ्टची. इथे ना किंमत, ना बोली. पाळी ज्याची, त्याने उरलेल्यांतून हवा तो खेळाडू उचलायचा. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये दोन कप्तान नाणेफेक करून आळीपाळीने गडी निवडतात, तो ड्राफ्टच असतो. पैशाची जागा इथे क्रमाने घेतलेली असते, म्हणून क्रम कसा लावायचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

अमेरिकेतून आलेली पद्धत

ड्राफ्टची पद्धत अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांतून आली. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हाताने चेंडू घेऊन धावण्याच्या अमेरिकी खेळात, श्रीमंत संघच चांगले नवे खेळाडू पटकावत होते. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी सुचवले, की महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची निवड पाळीने व्हावी आणि गेल्या हंगामात सगळ्यात खाली राहिलेल्या संघाला पहिली पाळी मिळावी. त्याप्रमाणे एनएफएल या त्या खेळाच्या व्यावसायिक लीगचा पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी 1936 मध्ये झाला. त्यात सगळ्यात आधी निवडला गेलेला जे बरवँगर पुढे एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पहिली पाळी मिळाली म्हणजे खेळाडू लाभेलच असे नाही, हे पहिल्याच ड्राफ्टने दाखवून दिले. दुबळ्याला आधी संधी देण्याचे तत्त्व मात्र टिकले आणि आजच्या फँटसी लीगमध्येही ते ठिकठिकाणी दिसते.

फँटसी खेळाची सुरुवातही त्याच देशातली. ओकलंड रेडर्स या अमेरिकी फुटबॉलच्या संघाशी संबंधित असलेल्या बिल विंकेनबाख यांनी 1962 मध्ये काही पत्रकार आणि सहकारी यांच्यासह या खेळाचे नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी आठ मॅनेजरांनी त्यांच्या घरी बसून पाळीपाळीने खेळाडू निवडले. गुणांची बेरीज वर्तमानपत्रातले आकडे पाहून हाताने केली जाई. म्हणजे फँटसी फुटबॉल जन्मापासून ड्राफ्टचाच खेळ होता. रकमेची रीत नंतरची, एकमेकांना न ओळखणाऱ्या मोठ्या समुदायासाठी सोयीची. प्रीमियर लीगने 2017-18 च्या हंगामात आपल्या मुख्य खेळाशेजारी ड्राफ्टचा स्वतंत्र खेळ आणला, तेव्हा जुनी रीत नव्या माध्यमातून परत आली.

महाराष्ट्रात झालेले ड्राफ्ट

खऱ्या खेळाडूंचे ड्राफ्ट महाराष्ट्राने जवळून पाहिले आहेत. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हा भारतीय फुटबॉलपटूंची वाटणी मुंबईत ड्राफ्टने झाली. मुंबई सिटी एफसी आणि एफसी पुणे सिटी हे महाराष्ट्राचे दोन संघ त्या लीगमध्ये होते. 2015 मध्ये दोन्ही रीती एकत्र आल्या : दहा आघाडीच्या भारतीय खेळाडूंचा लिलाव आणि बाकीच्यांचा ड्राफ्ट. त्या लिलावात सुनील छेत्री 1 कोटी 20 लाखांना मुंबईकडे, तर युजीनसन लिंग्डो 1 कोटी 5 लाखांना पुण्याकडे गेला. जुलै 2017 मध्ये मुंबईतच पुन्हा ड्राफ्ट झाला आणि नव्याने आलेल्या जमशेदपूर संघाने पहिल्या पाळीत बचावपटू अनस एडथोडिका याला घेतले.

पद्धत समजून घ्यायला सगळ्यात सोपे उदाहरण मात्र क्रिकेटमधले आहे. चेन्नई आणि राजस्थान या आयपीएल संघांवर दोन वर्षांची बंदी आली आणि त्यांच्या जागी पुणे व राजकोट हे संघ आले. बंदी आलेल्या संघांच्या 50 खेळाडूंमधून प्रत्येकी पाच जण निवडण्यासाठी 15 डिसेंबर 2015 रोजी मुंबईत ड्राफ्ट झाला. पहिली पाळी पुण्याची होती. पुण्याने महेंद्रसिंग धोनी घेतला, राजकोटने सुरेश रैना. मग पुण्याने अजिंक्य रहाणे, राजकोटने रवींद्र जडेजा. पुण्याने रविचंद्रन अश्विन, राजकोटने ब्रेंडन मॅक्कलम. पुण्याने स्टीव्ह स्मिथ, राजकोटने जेम्स फॉकनर. शेवटी पुण्याने फाफ डु प्लेसी आणि राजकोटने ड्वेन ब्राव्हो. प्रत्येक फेरीला रक्कम ठरलेली होती : 12.5, 9.5, 7.5, 5.5 आणि 4 कोटी. म्हणून धोनी आणि रैना या दोघांसाठीही आपापल्या संघाच्या तिजोरीतून 12.5 कोटीच वजा झाले. फरक पडला तो फक्त क्रमाने.

क्रमाचा हिशेब

पुणे-राजकोट ड्राफ्टमध्ये क्रम सरळ होता : प्रत्येक फेरीत पुणे आधी, राजकोट नंतर. दहा निवडींपैकी पुण्याला 1, 3, 5, 7 आणि 9 क्रमांकाच्या पाळ्या मिळाल्या. त्यांची बेरीज 25. राजकोटला 2, 4, 6, 8 आणि 10, बेरीज 30. बेरीज जितकी लहान तितक्या पाळ्या लवकरच्या, म्हणजे पाच फेऱ्यांत मिळून पुणे पाच पायऱ्यांनी पुढे होते.

फँटसी ड्राफ्टमध्ये हा असमतोल कमी करण्यासाठी नागमोडी क्रम वापरतात. पहिली फेरी वरून खाली, दुसरी खालून वर, तिसरी पुन्हा वरून खाली. याच दोन संघांना नागमोडी क्रम लावला असता तर पुण्याकडे 1, 4, 5, 8, 9 या पाळ्या आल्या असत्या आणि राजकोटकडे 2, 3, 6, 7, 10. बेरजा 27 आणि 28 झाल्या असत्या, फरक एकावर आला असता. धोनी गेल्यानंतर राजकोटला रैना आणि रहाणे हे दोघेही लागोपाठ घेता आले असते.

संघ वाढले की नागमोडी क्रमाचे महत्त्वही वाढते. आठ मॅनेजर आणि 15 फेऱ्यांच्या सरळ ड्राफ्टमध्ये पहिला मॅनेजर आठव्याच्या पुढे प्रत्येक फेरीत सात जागा असतो. 15 फेऱ्यांत मिळून हा लाभ 105 जागांचा होतो. नागमोडी क्रमात दर दोन फेऱ्यांनी तो पुसला जातो आणि फेऱ्यांची संख्या विषम असल्याने शेवटी फक्त सात जागांचा उरतो.

त्यामुळे नागमोडी क्रमात शेवटची पाळी येणे ही शिक्षा नसते. पहिल्या मॅनेजरला सगळ्यात चांगला खेळाडू मिळतो, पण त्याची पुढची पाळी थेट सोळावी असते आणि मधे इतरांच्या चौदा निवडी होऊन जातात. आठव्याला आठवी आणि नववी अशा दोन पाळ्या लागोपाठ मिळतात. मधल्या मॅनेजरांना कधीच फार वाट पाहावी लागत नाही. कोण कितवा हे चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाकडून ठरवले जाते आणि ते सगळ्यांना आधी कळलेले बरे.

भिवंडीतली आठ जणांची लीग

समजा, भिवंडीत आठ मित्रांनी प्रीमियर लीगवर ड्राफ्ट लीग सुरू केली आणि संघांना आपापल्या भागांची नावे दिली : कल्याण नाका, धामणकर नाका, पद्मानगर, कामतघर, शांतीनगर, निजामपूर, टेमघर आणि अंजूर फाटा. एकाने लीग तयार करून बाकीच्यांना कोड पाठवायचा. तोच लीगचा प्रशासक. ड्राफ्टचा दिवस आणि वेळ सगळ्यांच्या सोयीने ठरवायची, कारण सगळे एकाच वेळी हजर असण्यातच ड्राफ्टची खरी गंमत आहे.

प्रत्येकाला 15 खेळाडू घ्यायचे असतात : 2 गोलरक्षक, 5 बचावपटू, 5 मधल्या फळीतले आणि 3 आघाडीचे. आठ जणांचे मिळून 120 खेळाडू होतात. एका निवडीला जास्तीत जास्त एक मिनिट ठेवले तर ड्राफ्टला फार तर दोन तास लागतात. घड्याळ चालू असते आणि वेळेत निवड झाली नाही तर संगणक आपोआप एक खेळाडू देतो. म्हणून प्रत्येकाने आपली पसंतीची यादी आधीच लावून ठेवायची असते. ऐन वेळी इंटरनेट गेले किंवा कामाच्या पाळीवरून उठता आले नाही तरी या यादीतला वरचा शिल्लक खेळाडू मिळतो.

कल्याण नाका पहिला असेल तर तो बहुधा हालांडला घेईल. हालांडने 2022-23 मध्ये 36 गोल करून प्रीमियर लीगच्या एका हंगामातला विक्रम केला होता. दुसऱ्या क्रमांकावरचा धामणकर नाका मधल्या फळीतला सर्वोत्तम खेळाडू शोधेल. मोहम्मद सलाहने 2024-25 मध्ये 29 गोल आणि 18 असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, करून फँटसीत 344 गुण मिळवले, तेव्हापासून मधल्या फळीतला गोल करणारा खेळाडू किती मोलाचा असतो हे सगळ्यांना उमगले आहे. निवड पुढे सरकत अंजूर फाट्यापर्यंत येईल. अंजूर फाटा आठवी आणि नववी पाळी एकदम घेईल आणि क्रम उलटा फिरून कल्याण नाक्याकडे परतेल. तोवर 15 नावे गेलेली असतील आणि कल्याण नाक्याला सोळावी आणि सतरावी अशा दोन पाळ्या लागोपाठ मिळतील. मनात धरलेले नाव आपल्या पाळीच्या एकच पाळी आधी दुसऱ्याने उचलणे हा अनुभव ड्राफ्टमध्ये प्रत्येकाला येतो. ज्याच्याकडे एका नावाऐवजी तीन-चार पर्याय तयार असतात, तो यातून लवकर सावरतो.

कोणती जागा आधी भरावी

ड्राफ्टमधले सगळ्यात मोठे कौशल्य टंचाई ओळखण्याचे आहे. एखादा खेळाडू किती गुण मिळवेल एवढे पाहून भागत नाही; तो गेल्यावर त्याच जागेसाठी उरणारा दुसरा खेळाडू किती मिळवेल हेही पाहावे लागते. या दोन आकड्यांतला फरक हीच त्या खेळाडूची ड्राफ्टमधली किंमत.

प्रीमियर लीगमध्ये 20 क्लब आहेत आणि प्रत्येक क्लबचा एकच गोलरक्षक नियमित खेळतो. आठ मॅनेजरांना मिळून 16 गोलरक्षक लागतात, म्हणजे नियमित खेळणारे चार तरी मोकळे राहतात. शिवाय चांगल्या आणि मध्यम गोलरक्षकाच्या हंगामातल्या गुणांत फार मोठी दरी नसते. म्हणून जाणते मॅनेजर गोलरक्षकाची निवड मागे ठेवतात. आघाडीच्या फळीत चित्र उलटे असते. आठ जणांना 24 आघाडीपटू हवेत आणि बरेच क्लब एकाच आघाडीपटूसह खेळतात. भरवशाने नव्वद मिनिटे खेळून गोल करणारे मोजकेच असतात, ते पहिल्या काही फेऱ्यांत संपतात.

लीगचा आकार बदलला की हा हिशेबही बदलतो. प्रीमियर लीगच्या ड्राफ्टमध्ये 16 पर्यंत मॅनेजर घेता येतात. सोळा जणांना मिळून 240 खेळाडू लागतात. पण एका आठवड्यात 20 क्लबांचे मिळून 220 जणच पहिल्या अकरांत उतरतात. गोलरक्षक 32 लागतात आणि नियमित खेळणारे असतात 20. अशा मोठ्या लीगमध्ये काही मॅनेजरांच्या राखीव जागा न खेळणाऱ्यांनीच भरतात आणि दुसरा गोलरक्षक हाताशी असणे ही चैन ठरते. चार-सहा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाकडेच तारे असतात आणि टंचाईची धार बोथट होते. आठ ते दहा मॅनेजर हा आकार सगळ्यात समतोल : चांगले खेळाडू सगळ्यांना पुरत नाहीत, पण कोणी उपाशीही राहत नाही.

गुण आणि आठवडा

प्रीमियर लीगचा हंगाम 38 आठवड्यांचा, म्हणजे 38 गेमवीकचा असतो. प्रत्येक गेमवीकपूर्वी 15 मधले 11 जण खेळवायचे : एक गोलरक्षक, निदान तीन बचावपटू आणि निदान एक आघाडीपटू. राखीव चौघांचा क्रमही लावायचा. अकरांतला कोणी प्रत्यक्ष सामन्यात उतरलाच नाही, तर राखीवांपैकी नियमात बसणारा पहिला खेळाडू आपोआप आत येतो. मुख्य फँटसी खेळात कर्णधाराचे गुण दुप्पट होतात. ड्राफ्टमध्ये कर्णधारच नसतो. त्यामुळे एकाच खेळाडूच्या जोरावर आठवडा मारून नेणे अवघड होते आणि सगळ्या संघाचे वजन मोजले जाते.

गुणांचे मूळ कोष्टक असे : मैदानात उतरल्याचा 1 गुण, 60 मिनिटे किंवा जास्त खेळल्यास 2. गोलला आघाडीपटूचे 4, मधल्या फळीतल्याचे 5 आणि बचावपटूचे 6 गुण. असिस्टला 3. संघावर गोल न झाल्यास, म्हणजे क्लीन शीट राहिल्यास, गोलरक्षक आणि बचावपटू यांना 4 आणि मधल्या फळीला 1. पिवळे कार्ड उणे 1, लाल कार्ड उणे 3, स्वतःच्याच संघावर गोल केल्यास उणे 2. बचावात चोख काम करणाऱ्यांना 2025-26 च्या हंगामापासून वेगळे 2 गुण मिळू लागले.

एका सामन्यात याचा हिशेब असा बसतो. एक बचावपटू नव्वद मिनिटे खेळला, त्याच्या संघावर गोल झाला नाही, त्याने एक असिस्ट दिला आणि त्याला एक पिवळे कार्ड मिळाले : 2 अधिक 4 अधिक 3 उणे 1, म्हणजे 8 गुण. दुसरीकडे एक आघाडीपटू सत्तर मिनिटे खेळला आणि त्याने एक गोल केला : 2 अधिक 4, म्हणजे 6 गुण. चर्चा गोल करणाऱ्याची होते, पण या आठवड्यात बचावपटूच जास्त देऊन गेला. बचावफळीकडे दुर्लक्ष करणारा मॅनेजर हंगामभरात असेच गुण गमावत असतो.

संघ लावण्याची मुदत गेमवीकच्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संपते. इंग्लंडमधल्या शनिवारी दुपारी साडेबाराच्या सामन्याने आठवडा सुरू होत असेल, तर भारतात ही मुदत उन्हाळी वेळेत दुपारी साडेतीनला आणि ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळे मागे गेल्यावर साडेचारला संपते. सामना शुक्रवारी रात्रीचा असेल तर एक दिवस आधीच संघ लावावा लागतो. भारतातल्या मॅनेजरांची इथे चूक होऊ शकते.

लीगची क्रमवारी दोन प्रकारे लावता येते. पहिल्या प्रकारात हंगामातल्या सगळ्या गुणांची सरळ बेरीज. दुसऱ्यात दर आठवड्याला दोन-दोन मॅनेजरांचा सामना लावला जातो. ज्याचे त्या आठवड्याचे गुण जास्त, तो जिंकतो. विजयाला 3 आणि बरोबरीला 1 गुण. आठ जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाला सात प्रतिस्पर्धी असतात आणि 35 आठवड्यांत प्रत्येकाशी पाच-पाच वेळा गाठ पडते. बेरजेचा प्रकार सातत्याला न्याय देतो. समोरासमोरच्या प्रकारात शेजारच्या नाक्याला हरवण्याचा आनंद दर आठवड्याला मिळू शकतो.

मोकळे खेळाडू आणि त्यांची रांग

ड्राफ्ट संपला तरी संघ कायमचा ठरत नाही. खेळाडू जखमी होतात, संघाबाहेर बसतात, जानेवारीत क्लब बदलतात. 2016 च्या आयपीएलमध्ये पुण्यावर हेच संकट आले. पीटरसन, मिचेल मार्श आणि ड्राफ्टमध्ये घेतलेले डु प्लेसी व स्टीव्ह स्मिथ हे सगळे दुखापतींमुळे परतले आणि उस्मान ख्वाजा, जॉर्ज बेली यांना मागाहून बोलवावे लागले. ड्राफ्टमध्ये पहिली पाळी मिळालेला पुण्याचा संघ त्या वर्षी आठांत सातवा आला, तर दुसऱ्या पाळीचे राजकोट, म्हणजे गुजरात लायन्स, साखळीत पहिले. पुढच्याच वर्षी पुण्याने अंतिम फेरी गाठली आणि मुंबईकडून एका धावेने विजेतेपद गमावले. निवडीचा दिवस महत्त्वाचा खरा, पण हंगाम त्यानंतर सांभाळावा लागतो.

फँटसी ड्राफ्टमध्ये कोणाच्याच संघात नसलेले खेळाडू मोकळे असतात. त्यांच्यातला एखादा अचानक चमकला तर सगळेच त्याच्यावर तुटून पडतील आणि ज्याचा मोबाइल त्या क्षणी हातात असेल तो जिंकेल. हे टाळण्यासाठी वेव्हरची व्यवस्था आहे. मॅनेजर ठरलेल्या मुदतीपर्यंत आपली मागणी नोंदवतो : अमुक खेळाडू घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात अमुक सोडायचा. मागण्या एकमेकांना दिसत नाहीत. मुदत संपली की संगणक रांगेच्या क्रमाने त्या तपासतो आणि पहिल्या हक्कदाराला खेळाडू देतो. ज्याची मागणी मान्य झाली तो रांगेच्या शेवटी जातो.

रांग सुरुवातीला ड्राफ्टच्या उलट क्रमाने लागते. ड्राफ्टमध्ये शेवटी असलेला इथे पहिला. त्यानंतर बहुतेक लीगमध्ये गुणतक्त्यात तळाला असलेल्याला पहिला मान मिळतो. आपल्या उदाहरणात समजा शांतीनगर तळाला आणि कल्याण नाका अव्वल आहे. नव्याने बढती मिळालेल्या क्लबच्या एका अनोळखी आघाडीपटूने दोन सामन्यांत तीन गोल केले आणि दोघांनीही त्याच्यासाठी मागणी नोंदवली, तर तो शांतीनगरला मिळेल. 1936 चे जुने तत्त्व इथे दर आठवड्याला राबवले जाते. त्यामुळे वाईट सुरुवात झालेल्यालाही सावरायला वाव राहतो आणि लीग मध्यावरच एकतर्फी होत नाही. वेव्हरची फेरी उरकली की उरलेले मोकळे खेळाडू गेमवीकच्या मुदतीपर्यंत जो आधी येईल त्याचे. इथे मात्र जागरूक माणसाचा फायदा होतो.

अदलाबदल आणि शिस्त

दोन मॅनेजर आपसात खेळाडूंची अदलाबदलही करू शकतात. अट एवढीच की दोघांच्या संघांची रचना बिघडता कामा नये. बचावपटूच्या जागी बचावपटूच यायला हवा. पद्मानगरकडे तीन चांगले आघाडीपटू पण बचावफळी कच्ची आणि कामतघरकडे नेमके उलटे असेल, तर आघाडीपटूच्या बदल्यात आघाडीपटू आणि बचावपटूच्या बदल्यात बचावपटू देऊन दोघांचेही भले होते. चांगली अदलाबदल दोन्ही बाजूंना लाभते, म्हणूनच ती जुळते.

धोका संगनमताचा असतो. विजेतेपदाची आशा संपलेल्या मॅनेजरने आपला सर्वोत्तम खेळाडू जवळच्या मित्राला जवळपास फुकट दिला, तर उरलेल्यांवर अन्याय होतो. म्हणून लीग सुरू होतानाच नियम ठरवावा : अदलाबदल खुली, प्रशासकाच्या मंजुरीने, इतर मॅनेजरांना नकाराधिकार देऊन, की अजिबात नाही. हंगाम अर्धवट सोडणारा मॅनेजरही लीग बिघडवतो. त्याचे खेळाडू कोणालाच मिळत नाहीत आणि समोरासमोरच्या प्रकारात त्याच्याविरुद्धचे विजय फुकटचे ठरतात. रोज पाच मिनिटे लक्ष देतील अशीच माणसे घेणे, हा लीग टिकवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय.

पैशाविना खेळ

फँटसी खेळ आणि पैसा यांचे नाते भारतात आता कायद्याने तोडले आहे. ड्रीम 11 सारख्या खेळांत प्रवेश शुल्क भरून रोख बक्षिसे जिंकता येत असत आणि एप्रिल 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा खेळ कौशल्याचा असल्याचे मानले होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने बंदी आणली. असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्यानंतर ड्रीम 11 ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

प्रीमियर लीगची ड्राफ्ट लीग मोफत आहे आणि तिला पैशाची गरजही नाही. मित्रांनी वर्गणी काढून रोख बक्षीस ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. ड्राफ्टमधली चुरस रकमेवर अवलंबून नसते. आपण निवडलेला खेळाडू आपल्या मंडळीत आणखी कोणाकडेच नाही, त्याचा प्रत्येक गोल फक्त आपला, या जाणिवेतून ती येते. रकमेच्या खेळात एक कोटीहून अधिक अनोळखी लोकांत आपला क्रमांक शोधावा लागतो. ड्राफ्टमध्ये प्रतिस्पर्धी रोज भेटणारा असतो.

लीग सुरू करताना पाच गोष्टी लेखी ठरवून ठेवाव्यात : मॅनेजरांची संख्या, ड्राफ्टचा दिवस आणि एका निवडीची वेळ, क्रमवारीचा प्रकार, अदलाबदलीचा नियम आणि प्रशासक. ड्राफ्ट हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या शक्य तितक्या जवळ, पण आधी ठेवावा, म्हणजे जखमी आणि क्लब बदललेल्या खेळाडूंची माहिती ताजी असते. प्रीमियर लीगचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. त्यामुळे जुलैअखेर माणसे जमवून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ड्राफ्ट उरकणे भिवंडीतल्या कोणत्याही आठ-दहा फुटबॉलप्रेमींना सहज जमण्यासारखे आहे.